लातूर इल्ला

माझ्या पोटच्या पोराला मी भर चावडीसमोर झाडलं, ते बी श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, उपाशी पोटी, कपाळाला इभूत लावलेली असताना. गावातली चार शहाणी माणसं अजून म्हणत्यात, गुरुपादप्पाचं डोकं फिरलं होतं. हाव, फिरलं होतं! माझ्या जागी दुसरा कुणी असता तर त्यानं पायातलं काढलं असतं. मी निस्तं तोंड वापरलं.

आता पहिल्यापासून ऐका.

आमचं गाव पार हद्दीवर. ओढा ओलांडला की कर्नाटक. पुढं माझं किराणा दुकान, मागं घर, घरामागं आड. दुकानात मराठी चालती आन् घरात कानडी, कारण आमची मंडळी शरणम्मा भालकीकडची. लग्नाला इतकी सालं झाली, तरी भांडती कानडीतच. त्या साली, म्हंजे ब्याऐंशीला, पावसानं तोंड दाखवलं न्हाई. आड आटला. गावाबाहेरच्या विहिरीवरून घागरी आणायच्या, त्या बी रांगेत उभं राहून. घरात काई बी मागा, शरणम्माचं उत्तर ठरलेलं, इल्ला. कानडीत इल्ला म्हंजे न्हाई. नीरु इल्ला, पाणी न्हाई. हालु इल्ला, दूध न्हाई. माझी नात शिवगंगा, आमची गंगी, पाच वरसाची. तिला दुसरी कानडी आली न्हाई, पण इल्ला तेवढा पक्का आला.

ह्या गंगीच्या पोटात शब्द ठरत न्हाई. शेजारची केवळाबाई दुकानात आली की ही पोत्यावर बसून सांगणार, ‘केवळाबाई, आज्जा म्हणतो तुमी आल्या की त्याचा अर्धा दिवस जातो.’ केवळाबाई माझ्याकडं बघणार, मी तराजूकडं बघणार.

तर पंचमीला सुनेचा भाऊ गुरुलिंग आला लातूरहून. सणाला माहेरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला मुराळी म्हणत्यात. मुराळी म्हंजे मानाचा पाव्हणा. दारात आला की पहिलं त्याच्या पायावर पाणी घालायचं, मग बाकीचं. आमची सून सिंधू तांब्या भरून दारात आली. गुरुलिंग चपला काढून उभा. तर ही गंगी मधीच म्हणती, ‘मामा, पाय नका धुऊ. बाबा म्हणले, पाव्हणा आला की घागर खाली होती.’

लेकराचं काय चुकलं? ऐकलं ते बोललं. ते बोलणं माझ्या पोराचं, वीरभद्राचं. त्यानं हसून न्यायचं होतं, हात जोडायचे होते. तर ह्यो म्हणला कसा, ‘खोटं काय बोलली ती? तुमच्या लातुरात नळ हायेत. इथं एकेका घागरीला रांग हाय.’ आरं, त्या रांगेत तू कधी उभा राहिलास का? घागरी आणायच्या सिंधूनं आन् शरणम्मानं, आन् पाण्याची फिकीर ह्या लाटसाहेबाला! असा संताप आला मला. पण पाव्हण्यासमोर घरचा तमाशा नको म्हणून दात खाऊन गप बसलो.

गुरुलिंगानं चपला घातल्या. घोटभर पाणी बी न पिता बहिणीला म्हणला, ‘चल.’ सिंधूनं गंगीला कडेवर घेतलं, तर वीरभद्रानं लेकराला ओढून काढलं. म्हणला, ‘पोरगी इथंच राहील. पोरीपायी येतीस आपसूक परत.’ तिकडं लातूरच्या एस्टीचा डायव्हर हॉर्न वाजवून राहिला होता. सिंधू रडत गेली. पंचमी संपली, पण सिंधू काई आली न्हाई.

मी गेलतो की लातूरला. त्यांनी माझ्या पायावर तांब्या न्हाई, कळशी ओतली. मला लाज वाटावी म्हणूनच ओतली असंल. मग व्याही हात जोडून म्हणले, ‘आप्पा, तुमचा मान मोठा. पण तोंड जावईबापूनं सोडलं, तर पाय बी त्यांनीच उचलावा.’ रास्त बोलले. घरी येऊन मी हे सांगितलं, तर वीरभद्रानं ताट सरकवलं. ‘मी जात न्हाई. खड्ड्यात गेलं ते लातूर!’ गंगी ताटाशेजारीच बसून भाकर खात होती.

तिथून पुढं पोरगी दिवसभर माझ्यामागं. तिचा बाप गावभर, आज्जी रांगेत, आन् मी दुकानात.

‘आज्जा, ढग कुठं गेले?’

‘त्यांच्या मामाच्या गावाला.’

‘मुराळी आलता का?’

‘आलता की.’

‘त्याच्या पायावर पाणी घातलं का कुणी?’

मी गूळ फोडायला घेतला.

‘घातलं नसंल,’ ती म्हणली. ‘म्हणून ढग परत येईनात.’

दुसऱ्या दिवशी निराळंच. ‘आज्जा, आई लातुरात काय करून राहिली?’

‘तुझी वाट बघून राहिली.’

‘वाट कामून बघती? मी तर इथंच हाय.’

शेंगदाण्याची मूठ तिच्या हातावर ठेवायची आन् गिऱ्हाइकाला ओरडायचं, दुसरं काय. तिनं आणखी एक धंदा काढला होता. प्यायला दिलेल्या पाण्यातलं अर्धं पाणी ती एका डालड्याच्या डब्यात ओतून ठेवायची. शरणम्मानं विचारलं तर म्हणायची, ‘आईच्या पायावर घालायला.’ शरणम्मा तोंडाला पदर लावून आत जायची.

आन् ह्या वक्ताला आमचे चिरंजीव काय करून राहिले होते? पुढारपण! उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढून नवा जिल्हा करायचा म्हणून सालभर ह्याचा घसा बसलेला. गल्लीतून जाताना ओरडायचा, अंगणात ओरडायचा, झोपेत बी ओरडला असंल, ‘लातूर जिल्हा झालाच पाहिजे!’ आरं लेका, ज्या लातुराला तू खड्ड्यात घातलंस, त्याच लातुरासाठी गळा काढतोस? जिल्हा पाहिजे, कलेक्टर पाहिजे, निस्ती बायकोच नको! मी हे त्याला एकदा सुनावलं. म्हणला, ‘आप्पा, ते वेगळं, हे वेगळं.’ ह्याचं सगळंच वेगळं.

तर तो सोमवार उजाडला. त्या दिवसापासून लातूर जिल्हा. चावडीवर पताका लावल्या, भोंगा बांधला, फटाके आणले. भोंगा असला फुटका, की त्यातून निम्मा शब्द बाहेर यायचा आन् निम्मा आतच राहायचा. माईक अर्थातच वीरभद्राच्या हातात. ‘लातूर जिल्हा झाला हो! लातूर जिल्हा झाला!’

गंगी दुकानात पोत्यावर बसली होती. तिनं कान टवकारले.

‘आज्जा, खरंच झालं?’

‘खरंच झालं.’

‘बाबा म्हणत होते तसं?’

‘हाव. तुझ्या बापाच्या मनासारखं झालं एकदाचं.’ मी साखर जोखत होतो. डोकं उपासानं भणभणत होतं.

‘आता कायमचं?’

‘कायमचं. सरकारनंच केलं म्हणल्यावर कोण मोडतंय?’

‘मग माणसं नाचून कामून राहिलीत?’

‘नाचू दे. मी तर नाचत न्हाई.’

मग म्हणली, ‘त्यांच्या आया इथंच हायेत ना, म्हणून.’ आन् पोत्यावरून उतरून आत गेली. मी म्हणलं, पोरगी काय तरी बडबडली. तिचं रोजचंच.

गिऱ्हाईक गेलं. गल्ला बंद केला. घरात हाक मारली तर उत्तर न्हाई. शरणम्मा घागर घेऊन गेलेली. मागचं दार उघडं दिसलं आन् मी तिकडं वळलो.

गंगी आडावर होती. काठावर पोट टेकवून ओणवी झालेली, पाय जमिनीवरून सुटलेले. दोराला पोहरा बांधून आत सोडलेला. शेजारी तो डालड्याचा डबा, पाण्यानं भरलेला. आन् आत तोंड घालून पोरगी बोलून राहिली होती.

‘आई, पोहऱ्यात बस. आज्जा आला की ओढंल. मामा, तुमी मागून या, दोघं बसू नका. दोर जुना हाय.’

आवाज द्यावा तर दचकून जायची आत. मी तसाच अनवाणी गेलो आन् मागून तिला उचललं. दोर हातातून निसटला, पोहरा खाली आपटला. कोरड्या आडात मोठा दणका झाला. आन् ही माझ्यावरच चिडली! बुक्क्या मारायला लागली. ‘सोड! आईला लागलं असंल!’

‘आगं, आई हितं कशी असंल?’

‘खड्ड्यात हाय ती! बाबा म्हणले लातूर गेलं खड्ड्यात. आन् आता लातूर इल्ला झालं. तूच म्हणलास, खरंच झालं, कायमचं झालं.’

इल्ला! पोरीनं सालभर बापाच्या तोंडून काय ऐकलं होतं, ते मला तवा कळलं. लातूर इल्ला झालंच पाहिजे. लातूर न्हाईसं झालंच पाहिजे. बाप अंगणात ओरडतोय, भोंग्यातून ओरडतोय, आन् लेकराला वाटतंय, माझी आई जिथं हाय ते गावच पुसून टाका म्हणतोय. आन् आज ते झालं. म्हणून फटाके.

मला रडू यायला पाहिजे होतं. आला राग. असा आला की डोळ्यापुढं अंधारी. पोरीला कडेवर घेतलं आन् तसाच चावडीकडं निघालो. वाटेत कोण काय म्हणलं, मला ऐकू आलं न्हाई. सरपंच हार घालून खुर्चीवर बसला होता, तसलाच एक हार वीरभद्राच्या बी गळ्यात. मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

‘काढ तो हार!’

‘आप्पा, काय झालं? आप्पा, माईक चालू हाय.’

‘असू दे चालू! ऐकू दे गावाला! जिल्हा आणलास न्हवं तू? मोठा मर्द! आरं, ह्या तुझ्या लेकरानं आत्ता आडात दोर सोडला होता, आईला काढायला! लातूर खड्ड्यात गेलं असं तूच म्हणलास न्हवं? मग ती खड्ड्यात शोधणार न्हाई तर कुठं शोधणार? अजून वीतभर वाकली असती तर तुझ्या जिल्ह्याच्या पहिल्याच दिवशी तुझ्या घरची तिरडी निघाली असती! पोरगी अडकवून ठेवली म्हंजे बायको येती? लेकरू म्हंजे काय दाव्याला बांधलेलं वासरू हाय, हंबरलं की गाय येईल?’

फटाके थांबले. भोंग्यातून माझाच आवाज निम्मा निम्मा परत येत होता. वीरभद्राचं तोंड पांढरं पडलं. त्यानं पोरीच्या हाताकडं बघितलं. दोरानं हात लाल झाले होते.

‘आगं येडे,’ तो खाली बसला. माईक हातात तसाच. ‘इल्ला न्हाई गं. जिल्हा. जि-ल्हा. लातूर गेलं न्हाई, लातूर मोठं झालं. इतकं मोठं की आपल्या गावापर्यंत आलं. आता आपण बी लातूरचेच.’

गंगीनं नाक पुसलं. ‘आपण लातुरात?’

‘हाव.’

‘आन् आई बी लातुरात?’

‘हाव गं.’

‘मग घरात कामून न्हाई?’

हे गावानं ऐकलं. ओढ्यापलीकडं कर्नाटकात बी ऐकू गेलं असंल. वीरभद्र हातातला माईक चाचपायला लागला. बायकांच्या घोळक्यातून केवळाबाई ओरडली, ‘आता सांग की रं तिला! आता कामून मुका झालास?’

सरपंच मधी पडला, ‘आप्पा, सणासुदीचं...’

‘तू गप बस,’ म्हणलं. गप बसला.

वीरभद्रानं हार काढून टेबलावर ठेवला. माझ्याकडं न बघता म्हणला, ‘उद्या सकाळच्या गाडीनं जातो.’

‘उद्या कामून? दुपारची गाडी उभी हाय समोर. मुहूर्त काढू का?’

तो गाडीकडं चालायला लागला. अंगावर नवा सदरा, गुलालानं भरलेला. मी पोरीला घेऊन मागं मागं गेलो, कारण माझा भरवसा नव्हता. मधीच परत फिरला तर? पायरीवर त्यानं पाय ठेवला, तवा गंगी माझ्या कडेवरून ओरडली.

‘बाबा! मामाच्या दारात पाय धुवायला पाणी मागू नका हां! त्यांची घागर खाली होती!’

वीरभद्रानं दांडी सोडली. मग खाली उतरला, माझ्या कडेवरून लेकराला घेतलं, आन् तिच्या मानेत तोंड घालून म्हणला, ‘तूच चल माझ्यासंगं. तिथं मला काय बोलायचं ते जमणार न्हाई.’

‘मग डबा आण, आज्जा,’ गंगी म्हणली. ‘आडावर हाय. सांडू नको.’

मी गाडीवाल्याला थांबवलं आन् त्या वयात घरापर्यंत पळत गेलो.