कवळी आणि बाईसाहेब

बाबांचे सगळे दात काढून कितीतरी आठवडे उलटले होते आणि कवळी पेल्यात बुडून बसली होती. तीही कुणा ऐऱ्यागैऱ्याने नाही, पोटच्या लेकीने केलेली. अख्ख्या शहरातल्या बोळक्यांना ती लॅबमध्ये बसून कवळ्या करून द्यायची, आणि घरचं बोळकं मात्र सूप पिऊन वाळत चाललं होतं.

बाबांचा उभा जन्म प्राणिसंग्रहालयात पिंजरे सांभाळण्यात गेलेला. प्रत्येक वादात ते जनावरं आणत.

"लांडग्याला कधी कवळी पाहिलीस? घासत नाही, चुळा भरत नाही, तरी दात बघ!"

"लांडगा चहात चार चमचे साखर घालत नाही, बाबा. आणि दात गेले की मरतो."

"मरतो ना! हत्तीची शेवटची दाढ झिजली की तोही गुपचूप आडवा होतो. लेकीचं डोकं खात नाही."

बाबांची विजार आता नाडीच्या भरवशावर होती. ती बघून लेकीला धडकी भरे, आणि धडकी भरली की तिचं डोकं फिरे.

रविवारी तिने माळ्यावरून बाईसाहेबांचं खिमा करायचं जुनं यंत्र खाली काढलं. बाईसाहेब म्हणजे बाबांची लाडकी म्हातारी सिंहीण. तिचे दात गेल्यावर बाबा रोज याच यंत्रावर तिच्यासाठी मांस बारीक करायचे. जंगलात ती केव्हाच उपाशी मेली असती. पिंजऱ्यात मात्र ती पुढे कित्येक वर्षं सगळ्यांवर गुरगुरत जगली.

लेकीने खिमा शिजवला, घमेल्यात ओतला आणि पायाने बाबांपुढे सरकवला.

"घ्या, बाईसाहेब."

आई तोंड दाबून आत पळाली. बाबा लालबुंद.

"मी काय जनावर आहे?"

"रोज तुम्हीच तर सांगता!"

"बाईसाहेबांना कुणी हसत नव्हतं!"

मग सगळं बाहेर पडलं. बाबांनी कवळी पहिल्यांदा घातली त्या दिवशी, लेक घरी यायच्या आधी, आई डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. 'हा कोण नट शिरला घरात?' म्हणाली होती. बाबांचा पुढचा दात जन्मभर शेजारच्यावर चढून बसलेला; लेकीने सवयीने सगळे एका रांगेत उभे केले होते. तिने कपाळावर हात मारला. इतके दिवस ती हत्ती-लांडग्यांशी भांडत होती, आणि इथे नवरा बायकोवर रुसला होता!

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये आईबाबांच्या लग्नाचा फोटो समोर ठेवून तिने पुढचा दात कापून काढला आणि तिरका बसवला.

"चांगलं काम कशाला बिघडवतेस?" मालकाने विचारलं.

"गिऱ्हाईक तसंच आहे," ती म्हणाली.

संध्याकाळी जेवायला बसताना बाबांनी कवळी चढवली. आईने चष्मा लावून निरखून पाहिलं.

"आला बाई माझा वाकड्या," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

दाढा नीट जुळतात का ते बघायला लेकीने बोट आत घातलं, तर बाबांनी ते करकचून चावलं. ती केवढ्याने किंचाळली!

"पिंजऱ्यात हात घालू नये, किती वेळा सांगितलंय?" असं म्हणत बाबांनी आईच्या ताटातला भाजलेल्या मांसाचा तुकडा उचलला आणि चावायला लागले.