रमाकांतबुवांच्या गळ्यातली थंडी

या माउलींनो, जवळ सरका, आमच्या मलकापूरच्या कीर्तनकार रमाकांतबुवांची गोष्ट सांगते.

बुवांच्या कानांवर केसांचं रान माजलं होतं. संध्याकाळी कीर्तन, म्हणून ते सकाळीच गळ्याला मफलर गुंडाळून केस काढायला लेसरच्या दवाखान्यात गेले. मशीनने कानावर थंड हवा फुंकताच ओरडले, "बंद करा वो डॉक्टरीणबाई! गळा बसला तं कीर्तन कोन करीन, तुमचं मशीन?"

"थंड हवा नसेल तर कातडी भाजेल, बुवा," डॉक्टर नीरजा म्हणाल्या.

"मंग मी गाऊन गळा गरम ठेवतो!"

"गा, पण मान हलवू नका."

थंड झोत लागला की अभंग असा थरथरे, की बाहेरचे पेशंट टाळ्या देऊ लागले.

संध्याकाळी कानही शाबूत, गळाही खणखणीत. पण तेच पेशंट कीर्तनात पुढे बसून हट्टाला पेटले, "बुवा, सकाळचा कंप घ्या ना!" बुवांना काही जमेना. शेवटी पखवाजी आल्हादने मागून त्यांच्या सदऱ्यात बर्फाचा खडा सोडला. विठ्ठला! असा कंप निघाला की अख्खा मंडप डोलला.

बुवा अजून टाळ उगारून त्याला शोधून राह्यले. माउलींनो, देवापुढे हात जोडाल तेव्हा आमच्या आल्हादची आठवण ठेवा.