बुधवार तुमचा तुम्हाला

आमच्या लाँड्रीत सात हॉटेलांच्या चादरी यायच्या. धुणं तळघरात, इस्त्री वर. वरच्या लांबट खोलीत आम्ही नऊ बायका आणि त्यात ताई सगळ्यांत जुनी. तिने चादर टेबलावर झटकली की अर्ध्या सुरकुत्या भीतीनेच पळतात, असं आम्ही म्हणायचो. मी तिच्या शेजारी घड्या घालायला.

ताईचे यजमान, म्हणजे आमचे भाऊजी, शीतगृहात रात्रपाळीला होते. ते सकाळी घरी यायचे तेव्हा ही निघालेली असायची. दारातच किल्ली या हातातून त्या हातात. "आमचा संसार उंबरठ्यावर चाललाय," ती हसत सांगायची. रविवारी मात्र दोघांनाही सुट्टी. त्या दिवशी ती दोघं उशिरा उठायची, पोटभर जेवायची आणि मग कडाकडा भांडायची. आठवडाभराची भांडणं साठवलेली असत ना! सोमवारी ताई यायची ती बसलेला घसा आणि टवटवीत चेहरा घेऊन.

मग नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता. दोन फोन आणि तीन काळज्या घेऊन फिरायचा. त्यांनी भिंतीवर एक कागद लावला. लाँड्री आता सातही दिवस चालणार. "सुट्टी कुणाचीच जात नाहीये," ते म्हणाले. "प्रत्येकीला आठवड्यात एक दिवस मिळणारच. फक्त पाळीपाळीने." मला सोमवार आला, ताईला बुधवार. सगळ्यांनी सह्या केल्या. ताईनेही केली. सुट्टी ती सुट्टी, वार कुठला का असेना, असं आम्हाला वाटलं.

बुधवारी ताई घरी असायची तेव्हा भाऊजी रात्रीचं जागरण करून गाढ झोपलेले. ती भांडंही वाजू द्यायची नाही. ते उठून आवरायचे की कामाची वेळ. रविवारी ते घरात एकटे, ही इथे इस्त्रीवर. माझ्या सोमवारचीही तीच गत. जिच्याकडे जायचं ती बहीण कामावर, भाचे शाळेत, गल्लीत चिटपाखरू नाही. मी खिडकीत बसून समोरच्या घरांच्या खिडक्या मोजायची.

असे दोन महिने गेले. एक दिवस ताई कामावर आली, इस्त्री हातात घेतली आणि तशीच उभी राहिली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"आत्ता जिन्यात शेजारीण विचारत होती, भाऊंची दाढ आता दुखत नाही ना? म्हटलं, कुठली दाढ? तर म्हणे, काढली ती! नऊ दिवस झाले." तिने इस्त्री खाली ठेवली. "माझ्या नवऱ्याची दाढ गेली आणि ते मला जिन्यात कळतं."

त्या रविवारी ताई कामावर आली नाही. आणि बुधवारी, तिच्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांच्या आधी येऊन टेबलापाशी उभी.

मॅनेजर धावत वर आले. "ताई, आज तुमची सुट्टी आहे."

"ती तुम्ही दिलीत. मी घेतली नाही."

"म्हणजे?"

"बुधवार तुमचा तुम्हाला. मला माझा रविवार द्या."

"अहो, हॉटेलच्या पाहुण्यांना रविवार नसतो!"

"असतो की. रविवार आहे म्हणून तर ते पाहुणे झालेत."

खोलीत कुणीतरी फिसकन हसलं. मॅनेजरांनी तिच्या इस्त्रीचं बटण बंद केलं. "आजची हजेरी लागणार नाही."

"नका लावू," म्हणत ती माझ्या टेबलाशी आली आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. संध्याकाळपर्यंत तिने माझ्यासोबत घड्या घातल्या.

पुढचे पाच आठवडे हेच चाललं. रविवारी ती गैरहजर, बुधवारी बिनहजेरी. शेवटी मॅनेजरांनी तिला तळघरात पाठवलं, यंत्रातल्या ओल्या चादरी उपसायला. पन्नाशीच्या बाईची मनगटं ती. दुपारी ती वर डबा खायला यायची तेव्हा डब्याचं झाकण मला उघडायला द्यायची.

"ताई, मिटवून टाक ना," मी एकदा म्हणाले.

"मिटवलंच तर आहे. रविवारी मी घरी असते. पुढचं त्यांनी मिटवायचं."

मला त्या उत्तराचा राग आला. रागात मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. आणि मग पुढच्या रविवारी उठले, चप्पल घातली आणि लाँड्रीकडे वळायच्या कोपऱ्यावरून सरळ बहिणीकडे गेले. वाटेत दोनदा मागे वळून पाहिलं. पण भाचे गळ्यात पडले, दुपारी आम्ही चौघं एकाच चटईवर आडवेतिडवे झोपलो आणि लाँड्रीची आठवण झाली ती थेट संध्याकाळी.

सोमवारी मी कामावर हजर. "तुम्हीसुद्धा?" मॅनेजरांनी विचारलं. मी 'हो' म्हणाले आणि चादर उचलली.

त्यानंतरच्या रविवारी पाचजणी आल्या नाहीत. पुढच्या रविवारी सातजणी. महिनाभर मॅनेजरांनी ताणून धरलं. मग हॉटेलांशी बोलून शनिवारी दुप्पट माल पाठवायचं ठरवलं आणि भिंतीवरचा कागद काढला. रविवारी लाँड्री बंद.

ताईला मात्र वर आणलं नाही. तिचं टेबल एका नव्या बाईला दिलं. आम्ही विचारायला गेलो तर म्हणाले, "नियम मोडला, त्याची काहीतरी आठवण राहायला हवी."

आम्ही खाली जाऊन तिला सांगितलं. ती ओली चादर पिळत होती. "राहू दे," म्हणाली. "त्यांनाही राहील."

पुढे गर्दीच्या दिवसांत मॅनेजर वर आले. चेहरा रडवेला. "फक्त एक रविवार. एकच. दुप्पट मजुरी देतो."

आम्ही सवयीने ताईच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे नवी बाई उभी होती आणि ती आमच्याकडे बघत होती. आता 'नाही' आम्हालाच म्हणावं लागणार होतं.

आम्ही म्हणालो.