पाण्यापुरती जागा

चामराजपेटेत आशा कार्यकर्तीचं काम करणाऱ्या भार्गवीला रडू येत नाही, हे तिच्या सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. सासरे गेले त्या दिवशीही ती आल्यागेल्यांसाठी खुर्च्या मांडत होती. नातेवाईक त्यावर काय काय बोलले ते सोडाच. नवरा रघुनंदनच्याही मनात ते राहिलं.

सासूबाईंना, म्हणजे पद्मावतीबाईंना, मात्र या सुनेचा मोठा आधार वाटे. सासऱ्यांचे शेवटचे दिवस हॉस्पिटलात गेले होते. तोंडातल्या नळीमुळे त्यांना शेवटचं पाणीसुद्धा घालता आलं नव्हतं, आणि ते बाईंच्या जिवाला लागून राहिलं होतं. पुढे आरोग्य केंद्रातल्या प्रशिक्षणात भार्गवीने ‘लिव्हिंग विल’बद्दल ऐकलं. बरं होण्याची आशाच उरली नाही तर यंत्रं नकोत, नळ्या नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवता येतं आणि आपल्या वतीने बोलणारं माणूसही नेमता येतं, असं तिने जेवताना सहज सांगितलं. बाई म्हणाल्या, माझं आधी कर.

केंद्रातल्या बाकीच्या बायकांना हे काही पटलं नव्हतं. इतकी वर्षं दारोदार जाऊन लोकांना हॉस्पिटलात चला म्हणायचं आणि आता नको असेल तर जाऊ नका म्हणायचं, लोक आपल्यालाच हाकलून देतील, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं.

रघुनंदन तर कागदाकडे बघायलाही तयार होईना. बाईंनी आपल्या वतीने बोलायला भार्गवीचं नाव घातलं.

“रघू नको,” त्या म्हणाल्या. “तो रडत बसेल आणि डॉक्टर म्हणतील त्याला मान हलवेल. तू रडत नाहीस गं. मला घरातच राहू दे. तोंडात पाण्यापुरती जागा ठेव, बाकी काही नको.”

“सरी,” म्हणजे बरं, एवढ्या कानडी शब्दात भार्गवीने होकार दिला.

एका सकाळी ती तांदूळ धूत असताना मागे भांडं पडलं. बाई स्वयंपाकघराच्या दारात कोसळल्या होत्या, तोंड वाकडं झालेलं. ओले हात पदराला पुसायच्या आतच भार्गवीने १०८ ला फोन लावला. पत्ता सांगितला, वय सांगितलं, कोपऱ्यावरच्या देवळाची खूण सांगितली. अडलेली बाळंतीण असो की छातीत कळ आलेला म्हातारा, तिचे हात वर्षानुवर्षं हेच करत आले होते. दिलेला शब्द तिला आठवला तो अँब्युलन्समध्ये बसल्यावर. कागद घरी कपाटात राहिला होता. हॉस्पिटलात बाईंच्या तोंडात नळी गेली. आपण काय करून बसलो हे भार्गवीला कळत होतं, पण आत काही हलत नव्हतं.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. आता शुद्धीवर यायच्या नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. मग तिने कागद आणून दिला. डॉक्टरांच्या दोन समित्यांनी तपासलं, आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेऊन नळी काढायची का, असं विचारलं. रघुनंदन भिंतीकडे तोंड करून उभा होता.

“काढा,” भार्गवी म्हणाली.

नळी निघाल्यावर तिने पाण्याचा चमचा रघुनंदनच्या हाती दिला, पण त्याने तो तिलाच परत दिला. मग पोरांना पोलिओचे थेंब पाजताना धरते तसे तिनेच बाईंचे गाल दोन बोटांनी दाबले आणि पाणी सोडलं. थोडं आत गेलं असावं. बाकीचं ओठांच्या कोपऱ्यातून उशीवर आलं. तासाभरात बाई गेल्या.

तेरावं उरकल्यावर रघुनंदन स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. भार्गवी तांदूळ निवडत होती.

“बाबा गेले तेव्हापासून मला वाटायचं, तुला आमच्या माणसांची मायाच नाही,” तो म्हणाला. “पण आईने नको म्हटलेलं ठाऊक असूनही तू फोन केलास. तिला जाऊ द्यायचा तुलाही धीर झाला नाही. तेव्हा मला कळलं.”

भार्गवीचा हात सुपात थांबला. ती माया नव्हती, हाताची सवय होती. तुझ्या आईने माझ्यावर टाकलेला विश्वास मी नुसत्या सवयीने मोडला, असं त्याला सांगायला हवं होतं. की होती माया? तिने आत चाचपून पाहिलं. तिथे काहीच हाताला लागलं नाही.

“सरी,” ती म्हणाली, आणि तांदूळ धुवायला उठली.