बाबांच्या मिस्साचं वाचन

चर्चच्या पायरीवरून जॅक्सनने स्कूटरच्या डिकीकडे चौथ्यांदा पाहिलं. आत पुसायच्या फडक्यात बांधलेली गांजाची एक पुडी होती. सव्वीस दिवसांपूर्वी गांजा सोडला तेव्हा बाकी सगळा त्याने गटारात ओतला, ही एवढी पुडी राहू दिली. अगदीच जीव जायला लागला तर असावी म्हणून. बायकोला, सालोमीला, याचा पत्ता नव्हता.

कामणच्या गोदामात तो फोर्कलिफ्ट चालवायचा. बारा वर्षं गांजाच्या तारेत चालवली आणि एके दुपारी माल हमालाच्या पावलापासून वीतभर अंतरावर आदळला. हमाल हसला. जॅक्सनला काही हसू आलं नाही. त्याच दिवशी त्याने गांजा सोडला.

सोडला की सुटलो, असं त्याला वाटलं होतं. झालं भलतंच. झोप उडाली, घास उतरेना, कारण नसताना छाती धडधडायची. डॉक्टर म्हणाले, काही आठवडे असंच चालेल. धडधडलं की पाय जमिनीवर घट्ट रोवायचे आणि श्वास सावकाश सोडायचा. सांगायला त्यांचं काय जात होतं!

आज पापडीच्या चर्चमध्ये बाबांच्या वर्षाचा मिस्सा, म्हणजे त्यांच्यासाठीचा प्रार्थनाविधी, होता. त्यातलं बायबलचं वाचन थोरल्या मुलाने करायचं, हा घरचा रिवाज. जॅक्सनने मनाशी ठरवून टाकलं होतं, आज जमलं नाही तर डिकी उघडायची.

"पानी पी," सालोमी म्हणाली. ती पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली. "नाय जमत तर केविन वाचंल."

धाकटा भाऊ केविन वाचणार म्हणजे थोरल्याचं काहीतरी बिनसलंय, हे सगळ्या नातेवाइकांना कळणार. "मी वाचतो," जॅक्सन म्हणाला.

आत माइकसमोर उभा राहिला तेव्हा त्याला आधी स्वतःचा श्वासच ऐकू आला. ओळी हलत होत्या. बोट ठेवून, घाम पुसत त्याने वाचन शेवटापर्यंत ओढत नेलं. आता त्याने 'हा प्रभूचा शब्द' म्हणायचं आणि लोकांनी 'देवाला धन्यवाद' असं उत्तर द्यायचं, एवढंच राहिलं होतं, आणि तिथेच तो अडला. लोक थांबून राहिले. कोणीतरी खाकरलं. बाजूच्या दारातून स्कूटर दिसत होती. त्याचा एक पाय त्या दिशेला वळलासुद्धा.

"देवाला धन्यवाद."

पहिल्या बाकावरून सालोमी एकटीच बोलली होती, खणखणीत आवाजात, वेळेआधी. मुलांना धर्मशिक्षण शिकवणारी ही बाई, जिचा मिस्सात कधी एक शब्द चुकला नाही. मागे कोणीतरी पोर खिदळलं. सालोमीचे कान लाल झाले, पण तिने नजर खाली घेतली नाही.

जॅक्सनने पाय रोवले, श्वास सोडला. "हा प्रभूचा शब्द," तो म्हणाला. या खेपेला सगळं चर्च बोललं.

मिस्सा संपल्यावर त्याने डिकी उघडून फडकं तिच्या हातात दिलं. तिने गाठ सोडून पाहिलं.

"कदीपासून हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

ती चर्चच्या संडासाकडे गेली आणि बऱ्याच वेळाने आली. पुडी नव्हती; फडकं धुऊन, पिळून आणलं होतं. ते तिने आरशाच्या दांडीवर वाळत घातलं आणि मागे बसली.

जॅक्सनची छाती अजून धडधडत होती. त्याने ओलं फडकं नीट सारखं केलं आणि किक मारली.