अख्खी फाइल

मी दबक्या आवाजात बोलतेय, कारण एका वकिलाचा अंगठा माझ्या पानावर टेकलाय आणि तो हलत नाही. मी दवाखान्याची फाइल आहे. एका बाईच्या दुखण्यांची.

प्रसूतीच्या वॉर्डात माझ्या कोऱ्या पुठ्ठ्यावर तिचं नाव लिहिलं, त्याच दिवशी तिची मुलगी जन्मली. म्हणजे आम्ही दोघी एका वयाच्या. माणसं घरात ओठ शिवून बसतात आणि डॉक्टरांनी पडदा ओढला की घडाघडा बोलतात, हे मी तेव्हापासून पाहतेय. तीही बोलली. मुलगी तान्ही होती, झोपेचं खोबरं झालेलं. ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "बाळ रडायला लागलं की वाटतं, दार उघडावं आणि निघून जावं." डॉक्टरबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. पान तिथं संपलं.

मग रेकॉर्ड रूममध्ये मी धूळ खात पडले. मधे एकदाच बाहेर निघाले, नवऱ्याने तिचं मनगट पिरगळून मोडलं तेव्हा.

आता घटस्फोटाचा दावा चालू आहे. मुलगी कुणाकडे राहणार, एवढंच ठरायचं उरलंय. मारहाणीचा पुरावा हवा म्हणून तिच्याच वकिलांनी कोर्टाला दवाखान्याच्या नावे समन्स पाठवायला लावलं. त्यात मागितले होते फक्त मोडलेल्या हाताचे कागद. पण आमच्या रेकॉर्ड रूममध्ये फाइल कधी सुटी करत नाहीत. हे कानावर आलं तशी ती तिथल्या कारकुनाकडे धावत आली.

"भाऊ, हाताचेच कागद पाठवा ना. बाकीच्याचं कोर्टाला काय करायचंय?"

"ताई, सुटा कागद गहाळ झाला तर साहेब मला सोलून काढतील. अख्खीच जाते."

"तसा नियम आहे का?"

"नियम नाही. पण असंच चालतं."

तो माणूस वाईट नव्हता, तिला बसायला खुर्ची दिली त्याने. मग मला पाकिटात घातलं आणि सील ठोकलं. असंच चालतं! एवढ्यावर बाईचं मन चारचौघांत उघडं पडतं आणि कुणाला घामही फुटत नाही.

इथे कोर्टात सील निघालं. नवऱ्याच्या वकिलाने एक्स-रेकडे ढुंकून पाहिलं नाही. पानं चाळत तो थेट त्या ओळीशी थांबला. "बाईंना मुलगी नकोच होती. त्यांचेच शब्द आहेत, वाचून दाखवतो," असं म्हणून त्याने घसा साफ केला.

मागच्या रांगेत ती मनगट घट्ट धरून बसलीये. मुलगी बाहेर बाकावर आहे, आणि दार उघडं आहे. माझी पानं थरथरतायत. लोकांना वाटतंय, पंख्याने.

न्यायाधीशबाई, त्याच दिवशी पुढच्या पानावर डॉक्टरबाईंनी तिचीच आणखी एक ओळ लिहिलीये: "पण गेले नाही. तिला छातीशी धरून उंबऱ्यातच बसून राहिले."

माझा आवाज तुम्हाला ऐकू येत नाही. त्याचा अंगठा उचला आणि पान उलटा.