लाल दोऱ्याची काडी

मी काडी बोलतेय. आगपेटीतली नव्हे, तिला फर्रकन् पेटून एका क्षणात मोकळं होता येतं. मी एका रानझुडपाची वाळलेली काडी आहे. करंगळीएवढी जाड, वीतभर लांब, आतून पोकळ. सध्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगलेली असते. माझ्या कमरेला लाल दोरा बांधलेला आहे आणि माझ्या अंगाला अजून दवाखान्याचा वास येतो.

वाळलेली काडी म्हटलं की तुमचा हात आधी झाडूकडे जातो, हे मला पुरतं माहीत आहे. आजचा दिवस तेवढा तो झाडू कोपऱ्यात राहू द्या.

माझं झुडूप पाण्याच्या टाकीमागच्या मोकळ्या जागेत उगवलं. त्याआधी तिथे घाणेरीचं रान माजलं होतं. त्यात फुटक्या फरश्या, गंजलेले पत्रे आणि कुणीतरी टाकून दिलेलं एक बेसिन. मग एका रविवारी हातमोजे घातलेली माणसं आली आणि घाणेरी मुळासकट उपटू लागली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. सुरुवातीला बरीच होती, नंतर रोडावत गेली. शेवटी टिकून राहिली ती मोजकीच, आणि त्यातल्या तिघांनी माझं आयुष्य घडवलं आणि मोडलंही.

पहिल्या आत्या. सगळे त्यांना आत्याच म्हणत. दवाखान्याच्या बाळंतिणींच्या वॉर्डात त्या आयुष्यभर मोठ्या सिस्टर होत्या. निवृत्त झाल्या, पण वॉर्ड त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. टाकीमागे यायच्या तेही इस्त्रीची साडी नेसून. दुसरे बँकवाले काका. ते कुदळीला हात लावत नसत, पण कुदळ कशी धरावी हे सगळ्यांना सांगत. आणि तिसरी मिरची. आत्यांची भाची, लहानपणापासून त्यांच्याकडेच वाढलेली, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी. खरं नाव कुणी वापरत नसे. तिच्याशी पाच मिनिटं बोललं की नाव कुणी आणि का ठेवलं असेल ते आपोआप कळायचं.

आमचं बी मिरचीनं आणलं. दुकानातून नाही, गावाबाहेरच्या रेल्वेरुळांच्या कडेनं, जिथे आमची शेवटची भावंडं तग धरून होती तिथून. "ही इथली मूळची झाडं आहेत," ती सांगायची. "इथल्या माश्या यांच्यावर जगतात. ही गेली म्हणून त्या गेल्या."

"माश्या गेल्या तर बरंच की," काका म्हणाले.

"घरमाश्या नाही हो, मधमाश्यांच्या जातीतल्या! काका, तुम्ही एकदा तरी माझं वाक्य पूर्ण ऐका."

आम्हाला जगवलं मात्र आत्यांनी, हे मान्य करायलाच हवं. दवाखान्यातून सलाइनच्या रिकाम्या बाटल्या मागून आणून त्यांनी प्रत्येक रोपाजवळ एकेक टांगली. थेंब थेंब पाणी. सकाळी येऊन प्रत्येकाची नळी तपासत. एखादं रोप मान टाकू लागलं की त्याच्याशी बोलत, "काय गं, रात्री झोप नाही लागली?" उन्हाळाभर आम्ही त्या थेंबांवर तगलो. मिरची लांबून बघायची आणि मान वळवून हसायची. तिला वाटायचं कुणाला दिसत नाही.

आम्ही फुललो. पिवळी, बटणाएवढी फुलं. आणि काय सांगू, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं त्या सगळ्या आल्या. काळ्या, तांबूस, हिरवट चकाकणाऱ्या, केसाळ पोटांच्या. आत्यांनी हात जोडून मिरचीला विचारलं, "डसतील का गं?" मिरची म्हणाली, "यांना पोळं नसतं आत्या, राखायला काही नसतं, मग डसतील कशाला? प्रत्येकीचा संसार स्वतंत्र. एकटी येते, एकटी राबते."

"म्हणजे माझ्यासारखीच," आत्या म्हणाल्या. त्या बोलल्या सहज, पण मिरचीनं वळून त्यांच्याकडे पाहिलं.

मग फुलांचा हंगाम संपला आणि आम्ही वाळलो. इथून भांडण सुरू झालं.

काकांना जागा भकास दिसायला लागली. "हे मेलेलं सगळं उपटून टाका आणि सरळ रेषेत शोभेची झाडं लावा," त्यांचा धोशा. मिरचीनं कात्री घेतली आणि एकेका झुडपासमोर गुडघा टेकून बसली. गुडघ्याच्या उंचीला कापायचं, वरचं काढायचं, खालचं उभं ठेवायचं, ही तिची पद्धत. मला तिनंच कापलं. दुखलं नाही. उलट माझं तोंड मोकळं झालं, आत वारा खेळायला लागला आणि माझा भुसभुशीत गाभा हळूहळू झडून गेला.

"हे मेलेलंच आहे काका," ती म्हणाली, "पण निकामी नाही. आता बघाच."

आणि ती आली. पानं कापणारी माशी. आधी माझ्या तोंडाशी घोटाळली, आत शिरली, उलटी बाहेर आली, पुन्हा शिरली. भाड्याचं घर बघायला आलेली बाई नळ सोडून बघते ना, अगदी तशी. पसंत पडल्यावर ती कामाला लागली. हिरव्या पानाचे गोल तुकडे कापून आणायची, पोटाशी धरून, आणि माझ्या आत त्यांची गुंडाळी करून खोली तयार करायची. खोलीत दुसऱ्या फुलांवरून आणलेल्या परागाचा आणि मधाचा लाडू, लाडवावर एक अंडं, मग पानाचं दार बंद. त्याच्यापुढे दुसरी खोली. माझ्या तळापासून तोंडापर्यंत अशी एकामागून एक बाळं निजवली तिनं. ही पानं यायची कुठून? आत्यांच्या गॅलरीतल्या गुलाबाची. आत्या वैतागल्या होत्या. "कुणीतरी माझ्या गुलाबाच्या पानांची बटणं कापून नेतंय!" औषध फवारायला निघाल्या तेव्हा मिरचीनं त्यांचा हात धरला आणि खाली आणून मला दाखवलं.

आत्या वाकल्या. माझ्या तोंडावरचं शेवटचं हिरवं दार त्यांनी चष्मा पुढे-मागे करून पाहिलं.

"आत बाळं आहेत?"

"आहेत. पुढच्या फुलांपर्यंत झोपणार. तुझ्या भाषेत सांगते, ही बाळंतिणीची खोली आहे. हात लावायचा नाही."

"आणि आई?"

"आई संपली, आत्या. दार लावलं की तिचं काम झालं."

आत्यांनी हातातलं औषध पाठीमागे लपवलं. नंतर मिरचीनं भरलेल्या प्रत्येक काडीला लाल दोरा बांधला. सगळे आम्हाला 'बाळंतिणी' म्हणू लागले. काकासुद्धा. अर्थात ते कुत्सितपणे.

आता दुखऱ्या भागाकडे येते.

ती जागा आमच्या मंडळींची नव्हतीच. सरकारी होती. शेजारी नवं बाजारसंकुल झालं होतं आणि त्याला गाड्या लावायला जागा हवी होती. जागा या लोकांकडे कायमची राहू द्यायची की गाड्यांना द्यायची, हे एक साहेब पाहून ठरवणार होते. भेट मिरचीच्या परीक्षेनंतर होती. माहिती तीच देणार होती. प्रात्यक्षिकासाठी परगावी जाताना तिनं जिन्यातून पुन्हा वर येऊन बजावलं, "आत्या, लाल दोऱ्याला कुणी हात लावायचा नाही."

"नाही लावत गं बाई."

"काकांनाही लावू द्यायचा नाही."

"जा तू. गाडी चुकेल."

ती गेली, आणि साहेबांचा निरोप आला की उद्याच येतो.

काका धावतच टाकीमागे आले. "साहेबांनी हे खुंट बघितले तर उकिरडा म्हणतील! ती पोर आहे हुशार, पण पुस्तकातलं बोलते. माणूस जागेत पाय टाकतो तेव्हा त्याला आधी काय दिसतं? स्वच्छता. तुम्हीच सांगा आत्या, वॉर्डात मोठे डॉक्टर यायचे तेव्हा तुम्ही काय करत होता?"

हा घाव बरोबर बसला. आत्यांनी मिरचीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. मी ओरडले, पण वाळलेल्या काडीच्या ओरडण्याला तुम्ही वाऱ्याची सळसळ म्हणता.

"दोरेवाल्या वेगळ्या काढा," आत्या शेवटी म्हणाल्या. "त्यांचं मी बघते. जागा गेली तर त्या तरी कुठे राहणार?"

मग कोयते चालले. बिनदोऱ्याच्या माझ्या बहिणींना टाकीमागे पेटवलं. त्यांच्यातही बाळं होती, फक्त मिरचीच्या नजरेतून सुटलेली. पालापाचोळा झाडला, जमीन ठोकून सपाट केली, कडेला चुन्याची रेघ ओढली. जमिनीत बिळं करून राहणाऱ्या माश्यांच्या दारांवरून जमीन ठोकायचं धुम्मस फिरलं. सगळे घामाघूम होऊन एकमेकांना शाबासकी देत होते.

आम्हाला आत्यांनी पांढऱ्या धुतलेल्या कापडात गुंडाळून घरी नेलं. एवढ्या जपून, की एक दोरा सुटला नाही. आणि मग बादली घेतली. पाण्यात जंतुनाशक ओतलं, पाणी दुधाळ झालं. आमच्या अंगाला माती होती, कुणाला बुरशी होती. बाळंतिणीच्या खोलीत माती? बुरशी? त्यांच्या हयातीत कधी नाही. त्यांनी आम्हाला एकेक करून बुडवलं. त्यांचे हात फार मऊ होते. "झालं हं, झालं," त्या म्हणत होत्या. पाणी माझ्या तोंडातून आत शिरलं. पहिलं दार सुटलं. पहिल्या खोलीतलं बाळ थोडं हललं आणि थांबलं. मग दुसऱ्या खोलीतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब येऊन गेले. संध्याकाळी मिरची आली ती थेट टाकीमागूनच. जिना चढतानाच तिचा आवाज फुटला होता.

"आत्या! काय केलंस हे?"

"अगं, आधी आत ये. पाणी पी. साहेब आजच आले, तुझा फोन लागेना. पण हे बघ." आत्यांनी स्टीलचा ट्रे पुढे केला. त्यात पांढऱ्या कापडावर आम्ही ओळीनं निजलेल्या. "तुझ्या बाळंतिणी. एकीलाही धक्का लागू दिला नाही."

मिरचीनं मला उचललं. नाकाशी नेलं. तिचा चेहरा मी अगदी जवळून पाहिला.

"हा वास कसला आहे?"

"माती होती गं सगळी. बाळांना काही व्हायला नको, म्हणून..."

"बुडवल्यास?"

"चांगल्या भिजू दिल्या. मग उन्हात सुकवल्या."

मिरची खाली बसली. मग म्हणाली, "आत्या, तू त्यांना मारलंस."

"असं कसं बोलतेस? तुझ्यासाठीच केलं ना! आयुष्यभर मी बाळं—"

"हा वॉर्ड नाहीये!" आता ती उठली. "तुम्हा सगळ्यांना दिसलं काही की पुसायचं असतं. काकांना जमीन पुसायची, तुला काड्या पुसायच्या. विचारायचं नाही, थांबायचं नाही. मी वर्षभर घसा फोडून सांगत होते, ते काय भिंतीला? आणि वर म्हणणार, तुझ्यासाठी केलं! माझ्यासाठी काहीच करायचं नव्हतं, आत्या. एवढंच मागितलं होतं मी. काहीच करू नका!"

आत्यांनी हातातला ट्रे खाली ठेवला नाही.

तेवढ्यात काका दारात. हसतमुख. "मिरचे, साहेब काय म्हणाले माहितेय? इतकी स्वच्छ, सपाट जागा अख्ख्या भागात पाहिली नाही म्हणाले!"

काकांना ती शाबासकी वाटली होती. मिरचीला नाही वाटली. "सपाट म्हणाले?" एवढंच तिनं विचारलं. थोड्याच आठवड्यांत डांबर आणि रोलर घेऊन माणसं आली. जमीन ठोकायचं अर्धं काम झालेलंच होतं.

काका आता टाकीकडे फिरकत नाहीत. मिरची शिकायला दुसरीकडे गेली. जाताना तिनं आमची जुडी गॅलरीत पावसा-उन्हाच्या आडोशाला बांधली, पण आत्यांकडे पाहिलं नाही. फोन करते. "जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का," एवढंच. आमच्याबद्दल विचारत नाही. उत्तर काय येईल हे तिला माहीत आहे असं तिला वाटतं.

आत्या रोज सकाळी गॅलरी पुसतात. ग्रिल, कठडा, कुंड्या, सगळं. फक्त आमच्याखालची वीतभर फरशी पुसत नाहीत. तिथे धूळ साठली आहे. गुलाबाची पानं पूर्ण आहेत, एकाही पानाला भोक नाही. आत्या कधीकधी ती पानं उलटून बघतात. शेजारी एका कुंडीत त्यांनी आमचं उरलेलं बी पेरलं आहे आणि तिच्यावर सलाइनची बाटली टांगली आहे. एक रोप आलं आहे. त्याला एक कळी धरली आहे, अजून घट्ट मिटलेली.

माझ्या बहुतेक बहिणींच्या तोंडाशी काळी बुरशी आली. त्या आता खरोखरच नुसत्या काड्या आहेत. पण माझ्या तळाशी, जिथे ते दुधाळ पाणी पोचलं नाही, तिथे कालपासून काहीतरी कुरतडतंय. अगदी बारीक. मागच्या खोलीतल्या बाळाला बाहेर यायचं तर पुढच्या खोल्यांतूनच यावं लागतं, दुसरी वाट मी ठेवलेली नाही. म्हणजे तिला आपल्या मेलेल्या भावंडांमधून वाट काढायची आहे. ती काढेल. मग माझ्या तोंडाशी येईल, पंख झटकेल आणि समोर बघेल. खाली काळं डांबर, पांढरे पट्टे आणि ओळीनं लावलेल्या गाड्यांचे तापलेले पत्रे.

मला तिला सांगावंसं वाटतं, थांब. पण थांब म्हणून थांबणारी जात तिची नाही.

आत्या आत्ता गॅलरीत आल्यात. पुसायचं फडकं हातात आहे. आवाज त्यांनाही ऐकू आला असावा. कारण त्यांनी कान माझ्याजवळ आणलाय आणि फडकं खाली ठेवलंय. आता त्या कुंडीतल्या कळीकडे बघतायत, मग माझ्याकडे, मग पुन्हा कळीकडे. एक हात उठला, पाकळ्या बोटांनी उकलून द्याव्यात म्हणून.

आत्या, नको. मेहेरबानी करा. या वेळी फक्त उभ्या राहा.